अडीच वाजेपर्यंत

नाना,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गडबच्या आणि रोह्याच्या गाड्यांनी पांगले, तुमच्या खुर्चीशेजारचा दिवा शांत केला, आणि कुंदावन्सं जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "आता लाव गो पंखा, सुखानं." तुमचीच लेक ती, बोलायला तुमच्यासारखी. मी मान हलवली. आज सकाळपासून तीनदा त्या बटणापाशी जाऊन आले आहे. बटण दाबायला एक बोट पुरतं. माझ्याच्यानं होत नाही.

हसाल तुम्ही. नऊ वर्षं मी या घरात तुमच्याशी याच एका गोष्टीवरून भांडले, आणि आता सगळी बटणं माझ्या ताब्यात आली तर हात उचलत नाही. अख्ख्या पेणला तुम्ही मीटरवाले नाना. उभा जन्म खांद्याला खाकी पिशवी लावून घरोघरच्या मीटरचे आकडे टिपलेत. कुणाच्या घरी किती वीज जळते हे त्या घरच्यांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. तुम्ही रिटायर झालात तेव्हा गावानं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अडकले ती मी. लोकांची मीटरं संपली आणि तुमचं सगळं लक्ष रामवाडीतल्या आपल्या तीन खोल्यांवर येऊन बसलं. मी रोह्याहून लग्न होऊन आले ते नेमकी त्याच वर्षी.

नव्या सुनेला सासरी देव दाखवतात. तुम्ही मला बटणं दाखवलीत. "हा बल्ब साठ, ती ट्यूब चाळीस, पंखा साठ. ही इस्त्री साडेसातशे, हिच्या वाटेला फार जायचं नाय." आणि मग तो नियम, जो पुढे मनूनं चालायला शिकता शिकताच पाठ केला: खोलीतून बाहेर पडताना आधी हात बटणावर, मग पाय उंबऱ्यावर. माझं लग्न तुमच्या मुलाशी झालंय की भिंतीवरच्या बोर्डाशी, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. ते पत्र तुम्हीच टपालात टाकून आलात.

आणि ती पेटी! आंब्याची मोठी लाकडी पेटी, आत भाताचा पेंढा दाबून बसवलेला, मधे पातेल्यापुरता खड्डा. भाताला एक उकळी आली की गॅस बंद करायचा, पातेलं झाकणासकट पेंढ्यात ठेवायचं, वर गोधडीचा तुकडा. तासाभरात भात आपोआप शिजतो. शिजायचा, ते खोटं बोलणार नाही मी. पण आई पहिल्यांदा इथे आली, जेवायला बसली, आणि मी भात आणायला स्वयंपाकघरात न जाता तुमच्या खाटेखाली वाकले, तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. परत जाताना वडखळच्या थांब्यावर तिनं माझा हात धरून विचारलं, "तुला इथं उपाशी तर नाय ना ठेवत?" शेजारच्या बायका तर पेटी बघायला मुद्दाम यायच्या. मग त्यांतल्या दोघींनी आपापल्या घरी पेटी केली, आणि तुम्ही आठवडाभर असे चालत होतात जसं काही निवडणूक जिंकून आलात.

पत्र्यावरचं काळं रंगवलेलं पिंप मात्र फसलं, हे आता तरी कबूल करा. वैशाखात त्यातलं पाणी हात भाजेल असं, आणि पावसाळ्यात, जेव्हा गरम पाण्याची खरी गरज, तेव्हा गारढोण. मी म्हणायचे, "नाना, हे पिंप कंपनीतल्या साहेबासारखं आहे, नको तेव्हा तापतं." तुम्ही हसायचात आणि पिंप तिथेच राहायचं.

मी हे हसत लिहितेय, पण तेव्हा हसत नव्हते. माझा श्वास कोंडायचा. बाहेर कोकण रेल्वेचं काम चाललं होतं, रोह्याच्या पुढे रूळ पडत होते, माझ्या मैत्रिणींच्या घरी फ्रिज आले, रंगीत टीव्ही आले, आणि मी माठातलं पाणी पीत, खिडकीच्या उजेडात तांदूळ निवडत, पाठीमागे तुमच्या चपलांचा आवाज येतो का ते ऐकत बसायचे. तुम्ही कधी ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मलाही ओरडता आलं असतं. तुम्ही नुसते यायचात, बटण बंद करायचात आणि निघून जायचात. त्या एका टक आवाजानं मला कुणीतरी शिकवून गेल्यासारखं वाटायचं. दिवसातून दहा वेळा.

एकदा मात्र मी जिंकले. नऊ वर्षांत एकदाच. मनू चार वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात लाईट सारखी जायची, आणि एकदा ती अंधारात एकटीच सापडली तेव्हापासून तिनं अंधाराची अशी धास्ती घेतली की झोपेना. मी बाजारातून हिरवा झीरोचा बल्ब आणला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, नावच झीरो. याला वीज लागत नाय. मीटर पण हलत नाय." मी तो आतल्या खोलीत लावला आणि तुम्हाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी सकाळी तुम्ही मनूला उठवायला आलात, तर बल्ब तसाच जळत होता. मी पदर खोचून तयारच होते.

"रातभर असतो?" तुम्ही विचारलंत.

"हो. मनू घाबरते. आणि झीरोचा आहे, त्याला काय लागतंय?"

तुम्ही बल्बकडे पाहिलंत. मनूकडे पाहिलंत, ती गालाखाली हात घेऊन झोपली होती.

"किती वाजता लावतेस?"

"नऊला. सकाळी सातला काढते."

"बरं," म्हणालात आणि गेलात. बस, एवढंच. मला तर दिवसभर नाचावंसं वाटत होतं. मीटरवाले नाना हरले, तेही एका हिरव्या बल्बपुढे! संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी त्यांना दोनदा तो किस्सा सांगितला.

तुमचं हे वेड कुठून आलं ते मला तुम्हीच सांगितलं होतं, पण मी कानाआड केलं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तालुक्याला एका दिवसाचं शिबिर होतं. कुणी इंजिनीयर आला होता. इथे बल्ब पेटतो तेव्हा तिकडे विदर्भात कोळसा जळतो, तो धूर वर साठतो, त्यानं पृथ्वी तापतेय, आणि पुढेमागे समुद्र चढणार, असं त्यानं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. बाकीचे जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होते म्हणे. तुम्ही मात्र जेवलाच नाहीत. कारण समुद्र चढणं म्हणजे काय हे त्या हॉलमधे एकट्या तुम्हालाच माहीत होतं. तुमचं गाव खाडीच्या काठाचं, भातशेती बांधाच्या आत, आणि बांधाच्या पलीकडे खारं पाणी. उधाणाला बांध फुटून खांड पडली की एका भरतीत शेत खारं होतं आणि मग काही वर्षं त्यात दाणा पिकत नाही.

ती खांडेची गोष्ट तुम्ही मनूला किती वेळा सांगितलीत! मी भाकऱ्या थापत ऐकायचे. खांड पडली की गावात हाळी व्हायची. घरटी एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर चिखलाची पाटी. ओहोटी आहे तेवढ्यात खांड बुजवायची. मनू विचारायची, "एका पाटीनं समुद्र थांबतो?" तुम्ही म्हणायचात, "नाय थांबत. पन पाटी टाकल्याबिगर कोन घरी जात नाय."

"आणि कुणाच्या घरी माणूसच नसेल तर?"

"तर शेजाऱ्यानं दोन पाट्या टाकायच्या. आमच्या शेजारी एक म्हातारी होती, एकटीच. तिची पाटी माजा बापूस टाकायचा."

"मग ती त्याला काय द्यायची?"

"काय नाय. तिला म्हायतीच नसायचा. सांगायचं नाय, तसा रिवाज होता. सांगितलं तर ती पाटी मोजत नाय."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येणंच बंद झालं होतं.

माझा तुमच्याशी खरा वाद वेगळाच होता, आणि तो अर्धाच राहिला. तुमचा मुलगा रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर. कंपनीची बस रामवाडीच्या नाक्यावरून त्यांना उचलते आणि पाळी संपली की तिथेच सोडते. हे स्वतःच म्हणायचे, "नाना घरात बल्ब विझवतात आणि मी तिकडे भट्टी पेटवतो. एका घरात दोन धंदे." मी माहेरी जायचे तेव्हा एसटीच्या खिडकीतून ती धुराडी दिसायची. रात्र नाही, दिवस नाही, सुट्टी नाही, धूर चाललेला. मग घरी येऊन तुम्ही माझ्या मागे बटण बंद केलंत की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायचे, "नाना, त्या एका धुराड्यापुढे माझा बल्ब काय हो?" तुम्ही म्हणायचात, "देश म्हंजे काय आभाळातून पडला? घरंच ना सगली. पेनची घरं, पुन्याची घरं, दिल्लीची घरं. सगल्यांनी एकएक बल्ब काढला तर तिकडची एक भट्टी थंड व्हईल." मी म्हणायचे, "सगळे काढणारच नाहीत." आणि तुम्ही पंचा खांद्यावर टाकून उठायचात. मला वाटायचं, टाळताय.

यांनाही तुम्ही सोडलं नव्हतंत. कंपनीतल्या वाफेच्या एका पाइपावरचं आवरण निघालंय, जवळ उभं राहवत नाही, असं हे एकदा जेवताना बोलून गेले. तुमचा घास हातातच राहिला. "म्हंजे झाकन नसलेलं पातेलंच की!" त्यानंतर दर रविवारी तुमचा एकच प्रश्न: "पाइप झाकला काय रं?" बिचारे हे. घरात बायकोची कुरकुर, कंपनीत साहेबाची, आणि मधे तुमचा पाइप.

आणि मग तो तुमचा दुपारचा पंखा. तो कधी सुरू झाला, म्हणजे कधी बंद झाला, ते मला नेमकं सांगता आलं नसतं. दोनेक वर्षं, कदाचित जास्त. बाराचा ठोका पडला की तुम्ही खुर्चीतून उठायचात, पंखा बंद करायचात आणि परत बसायचात. अडीचला उठून लावायचात. फाल्गुन असो की वैशाख. पंख्याचं बेअरिंग गेलेलं, चालू झाला की टकटक वाजायचा. त्या टकटकीवर मी घड्याळ न बघता सांगायचे, अडीच वाजले. मनू विचारायची, "नाना, पंखा का बंद केला?" तुम्ही पंच्यानं गळा पुसत म्हणायचात, "हवा हाय की गो." हवा कुठली! पिंपळाचं पान हलत नसायचं.

मला त्या पंख्याचा जेवढा राग यायचा तेवढा कशाचाच आला नाही. कारण तुम्ही मला कधी म्हटलं नाहीत की तूही बंद कर. उलट म्हणायचात, आत जा, पंखा लाव, पड जरा. पण सासरा बाहेर घामानं निथळत बसलाय आणि सून आत पंख्याखाली लोळतेय, हे कुठल्या घरात चालतं? तुमच्या न बोलण्यानं मी बांधली गेले होते. दारातून कुणी डोकावलं की मला वाटायचं, आता ही बाई गावभर सांगेल, सून म्हाताऱ्याला पंखासुद्धा लावू देत नाही.

त्या दिवशी ते सगळं एकदम बाहेर आलं.

वैशाखातली दुपार, हे पहिल्या पाळीला गेलेले, मनू जेवून झोपलेली. मी ताट घेऊन आले तर तुमचा बनियन अंगाला चिकटलेला, चेहरा कसासाच. मी सरळ जाऊन पंखा लावला. तुम्ही उठून बंद केलात. मी परत लावला. तुम्ही परत बंद केलात. आणि मग मी बोलले. सगळं आठवतंय मला. "तुमच्या एका पंख्यानं समुद्र थांबणार आहे का? तिकडे तुमचा मुलगा भट्टी पेटवतो, जाऊन त्या धुराड्याला सांगा! नऊ वर्षं झाली, माझा जीव गुदमरतो या घरात. आम्हाला असं कोंडून तुम्हाला काय मिळतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. मीटरमधला आकडा नीट दिसत नसला की डोळे बारीक करून बघायचात ना, तसं.

"जेवून घे गो आदी," म्हणालात. "अडीचला बोलू."

मी जेवले नाही. आत जाऊन मनूशेजारी पडले आणि मनात वाक्यं जुळवत राहिले. अडीचला तुम्ही काय म्हणाल, त्यावर मी काय म्हणेन. अडीच वाजले. टकटक ऐकू आली नाही. मला वाटलं, रुसलात. म्हटलं, बसू दे तसंच. या वेळी मी उठणार नाही. तीन वाजून गेले तेव्हा मी बाहेर आले.

तुमचा पंचा गळ्याभोवती होता आणि ताटातलं अर्धंच संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तासभर तरी झाला असेल. मी त्यांना विचारलं, पंखा चालू असता तर? ते बॅग बंद करत म्हणाले, "असं काही सांगता येत नाही, वहिनी. वय होतं." तेव्हापासून मी त्या वाक्यात अडकले आहे. हो म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. नाही म्हणाले असते तरीही. सांगता येत नाही, याचं मी काय करू?

मग ते तेरा दिवस. सुतकात बाहेर जायचं नाही, देवाला शिवायचं नाही. तुम्ही गेलात त्या जागी, खुर्चीला लागून, पिठावर दिवा ठेवला. तो तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही, आणि राखायचा मी, कारण घरची बाई मी एकटी. जन्मभर दिवे विझवत फिरणाऱ्या माणसासाठी मी एक दिवा अखंड जळत ठेवत होते. आणि दिवा वाऱ्यानं विझू नये म्हणून त्या खोलीतला पंखा पूर्ण बंद! वैशाखाचा उकाडा, पंधरा-वीस माणसं, सगळी वह्यांनी आणि सुपांनी वारा घेत बसलेली. तुमचे गडबचे भाऊ म्हणाले, "नानानं गेल्यावर पन पंखा लावू दिला नाय!" सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना रडायला कधी लागले ते कळलं नाही. कुंदावन्संनी मला आत नेलं.

नवव्या दिवशी वन्संनीच तोडगा काढला. म्हणाल्या, "मनूच्या खोलीतला तो झीरोचा बल्ब काढून हितं लाव. दिव्याच्या जागी दिवा, आन पंखा पन लावता येईल. झीरोला लागतंय काय?"

तुमचे जुने जोडीदार दामूअण्णा वायरमन तेव्हा दारातच बसले होते. ते म्हणाले, "कोन सांगितला लागत नाय? पंधरा वॅट खातो तो. आपल्या जुन्या मीटरची चकती एवढ्याशानं हलत नाय, म्हनून लोकांना वाटतंय फुकट. नाना तर जन्मभर घसा कोरडा करून सांगायचा. चकती हलत नाय, पन कोलसा जलतोच."

"पंधरा?" मी विचारलं.

"पंधरा. पेनमधल्या कुठल्या पन घरी विचार, नानानं सांगितला नसंल असा घर नाय."

एक घर होतं, नाना.

बोलणं पुढे सरकलं, माणसं चहा प्यायला लागली. मी दिव्यात तेल घालत होते. पंधरा. नऊ ते सात म्हणजे दहा तास. दीडशे. तुम्हीच शिकवलेलं हे, मनूला पाढ्यांबरोबर पाठ झालेलं: बल्ब साठ, पंखा साठ. साठ दुणे वीसाशे, म्हणजे एकशे वीस. आणि अर्ध्या तासाचे तीस. मी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा ते अडीच. दीडशे. हातातली तेलाची वाटी मला खाली ठेवावी लागली.

तुम्ही मला "किती वाजता लावतेस" असं विचारलं होतंत. मी सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून, तीन वर्षं, रोज, मनूच्या हिरव्या उजेडाची पाटी तुम्ही तुमच्या डोक्यावर घेऊन बांधावर जात होतात. आणि मी दारात उभी राहून तुम्हाला विचारत होते, आम्हाला कोंडून तुम्हाला काय मिळतं.

का नाही सांगितलंत? त्या सकाळी म्हणायचं ना, सुमन, याला पंधरा वॅट लागतात. मी भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग काहीतरी मार्ग काढला असता. मनूला जवळ घेऊन झोपले असते. अडीच तास पंख्याशिवाय मीही बसू शकते, नाना, हाडामांसाचीच आहे. तुम्ही मला विचारलंच नाहीत. मला त्या म्हातारीच्या जागी बसवलंत, जिला कधी कळतच नाही की तिच्यासाठी कोण चिखलात उतरलंय. याचा राग आहे मला. तुमचे पाय धरावेसे वाटतात आणि त्याच वेळी तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे.

त्या अडीचला तुम्ही मला हेच सांगणार होतात का? मला नाही वाटत. तुम्ही काहीतरी दुसरंच बोलला असतात, फ्रिजचं बघू म्हणाला असतात किंवा माझ्या माहेरचं काही विचारलं असतंत, आणि ही गोष्ट पोटातच ठेवली असतीत. मग कधीकधी वाटतं, नाही, सांगणारच होतात, कारण मी तोडून बोलले होते. मी रोज त्या खुर्चीपाशी येऊन ते संभाषण पुरं करायला बघते. दर वेळी ते "जेवून घे गो" पर्यंत येतं आणि थांबतं.

वाद मात्र मी हरलेले नाही, हेही सांगून ठेवते. धुराडी आहेत तशीच आहेत. बांध फुटला की गाव गोळा व्हायचं, कारण खांड सगळ्यांना दिसायची. ही खांड कुणाला दिसतेय? सगळ्या देशात घरोघरी झीरोचे बल्ब फुकट म्हणून जळतायत आणि एक म्हातारा माणूस पेणला पंखा बंद करून बसतो. त्यानं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्याकडे उत्तर होतं की नाही, तेही नाही कळलं.

यांनी मात्र काल रात्रीच्या जेवणानंतर, पानावरून न उठता, एकदम सांगितलं, "तो पाइप झाकला. दीड महिना झाला. साहेबाच्या मागे लागून लागून करून घेतला. नानांना सांगायचं राहून गेलं." आणि मग तुमचा मुलगा खरकट्या हातानं बसून राहिला. तुम्ही जायच्या आधीच्या चारही रविवारी विचारलंत म्हणे, आणि हे दर वेळी चिडून "बघतो" म्हणाले. खूश करायला म्हणून एखाद्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं त्यांनी. तर नाना, पाइप झाकलाय. एवढं तरी पोचू दे तुमच्यापर्यंत.

झीरोचा बल्ब मी काढला नाही. काल काढायला गेले होते, स्टुलावर चढले होते. मनू खालून म्हणाली, "आई, नाना पण गेले आणि दिवा पण नेतेस?" मी खाली उतरले.

हे लिहिताना मी तुमच्याच खुर्चीत बसले आहे. अकराच्या सुमारास मनूच येऊन पंखा लावून गेली. टकटक चालू होती. मला वाटलं, संपलं, लागला एकदाचा, आता रोज लागेल. मग बाराचे ठोके पडले. मी उठले आणि बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तर मुळीच नाही. यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, वन्संनाही नाही, आणि सांगणार नाही. हा कागदही पेटीतल्या पेंढ्याखाली जाईल.

आता सव्वा वाजलाय. कपाळावरचा घाम कागदावर पडतोय. मगाशी मनू झोपेतून उठून आली, दारात उभी राहून डोळे चोळत म्हणाली, "आई, पंखा का बंद केलास?"

मी पदरानं गळा पुसला.

"हवा हाय की गो," म्हटलं.